गहू दोषी ठरला त्याची हकीकत

सिलिअ‍ॅक आजारावर चार ओळी लिहिणारा कुणीही डच दुष्काळाची गोष्ट हमखास सांगतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, सगळी मुले खंगली, पण पोटाच्या एका जुनाट विकाराने आजारी असलेली मुले मात्र सुधारली; त्यावरून एका डॉक्टरला उलगडा झाला की या मुलांचा वैरी गहू आहे. गोष्ट मनात ठसते, म्हणून ती टिकली. पण ती अर्धीच खरी आहे. ज्या विलेम कारेल डिके यांच्या नावावर ती सांगितली जाते, त्यांनी पाव वर्ज्य करणारा आहार १९४१ मध्येच, म्हणजे दुष्काळाच्या तीन वर्षे आधी, डच वैद्यकीय साप्ताहिकात छापला होता. आणि पहिला धागा त्यांच्या हाती युद्धाने दिला नव्हता, एका आईने दिला होता.

ही दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते. दुष्काळाची गोष्ट ऐकली की वाटते, शोध योगायोगाने लागला. प्रत्यक्षात तो लागला वर्षानुवर्षे तीच ती मुले पाहत राहिल्यामुळे, त्यांची वजने लिहून ठेवल्यामुळे आणि घरच्या माणसाचे म्हणणे कानाआड न केल्यामुळे. या आजाराचे निदान आज रक्ताच्या एका चाचणीपासून सुरू होते. तिथवर पोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या वाटेवर निदानाचे साधन जसजसे बदलत गेले तसतसे आजाराचे नवे नवे प्रकार उजेडात येत गेले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालरुग्णालयातली ही मुले डॉक्टरांना लांबून ओळखू येत. अंगावरचे दूध कमी होऊन वरचे अन्न सुरू झाले, की काही महिन्यांत मूल हसेनासे होई. सतत किरकिर, भूक मेलेली. शी पांढुरकी, पुष्कळ, तेलकट आणि उग्र वासाची. पोट फुगलेले, हातापायांच्या काड्या, ढुंगणावरचे मांस झडून कातडीला पडलेल्या सुरकुत्या. उंची वाढायची थांबलेली. ती महिनोन्महिने रुग्णालयातच राहत, आणि त्यांतली कित्येक एखाद्या साध्या तापाने किंवा जुलाबाने दगावत.

अशा मुलांचे नेमके वर्णन त्याआधीच लंडनच्या सॅम्युअल जी यांनी केले होते. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या बालरुग्णालयात ५ ऑक्टोबर १८८७ रोजी त्यांनी व्याख्यान दिले आणि पुढच्या वर्षी ते छापून आले. कॅपाडोशियाच्या अरेटिअस या ग्रीक वैद्याने दीड हजाराहून अधिक वर्षांपूर्वी अशाच दीर्घ पोटविकाराबद्दल लिहून ठेवले होते. आजाराचे नाव जी यांनी तिथूनच उचलले. हा आजार सर्व वयांत होतो पण एक ते पाच वर्षांच्या मुलांत विशेष दिसतो, हे त्यांनी टिपले. आणि रुग्ण बरा होणारच असेल तर तो आहारानेच होईल, असे ठामपणे सांगितले. इथवर त्यांची नजर अचूक होती. पण आहार कोणता? पिठूळ पदार्थ कमी द्या, हे त्यांनी बरोबर ओळखले. मग तांदूळ आणि साबुदाणा वर्ज्य ठरवले, आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी नीट भाजलेला पाव चालेल असे लिहिले! उत्तराच्या उंबरठ्यावर उभे राहून ते नेमके उलट्या दिशेला वळले. खरे तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मॅथ्यू बेली नावाच्या डॉक्टरांनी जुनाट जुलाबाचे काही रुग्ण जवळजवळ भातावरच राहून सुधारल्याची नोंद केली होती. तिच्याकडे कुणी वळूनही पाहिले नव्हते.

जी यांच्या त्या व्याख्यानात एका मुलाची हकीकत आहे. त्याला रोज चांगल्यापैकी डच मसल, म्हणजे एका प्रकारची कालवे, खायला घातली आणि तो झपाट्याने सुधारला. कालवांचा हंगाम सरला तसा पुन्हा आजारी पडला. पुढच्या वर्षी हंगाम आला, पण पोराने कालवांना तोंड लावायला साफ नकार दिला. आज वाचताना कळते की गुण कालवांचा नव्हता. कालवांनी पोट भरल्यावर जे पोटात गेले नाही, त्याचा होता. पुढची साठ वर्षे डॉक्टर हीच चूक करत राहिले. मुलाने काय खाल्ल्यावर तो सुधारला, हे सगळे पाहत होते. काय न खाल्ल्याने सुधारला, हा प्रश्न कुणी विचारत नव्हते.

या चुकीचा सर्वांत मोठा प्रसंग न्यूयॉर्कमध्ये घडला. सिडनी हास या बालरोगतज्ज्ञांना पोर्तो रिकोमधल्या एका गावाची माहिती मिळाली: गावात राहून पाव खाणाऱ्यांना पोटाचा विकार जडतो, शेतात राहून मुख्यतः केळ्यांवर जगणाऱ्यांना जडत नाही. त्यांनी केळ्यांना श्रेय दिले. १९२४ मध्ये त्यांनी दहा मुलांचा अहवाल प्रसिद्ध केला. आठ जणांना केळ्यांचा आहार दिला होता, ती सुधारली. ज्या दोघांना दिला नव्हता ती दगावली. त्या आहारात पाव, बिस्किटे, बटाटे आणि सर्व धान्ये बंद होती. साहजिकच मुले तगली. आईबाप दुरून दुरून केळी मिळवत आणि पोरे अक्षरशः केळ्यांवर वाढत. हास यांनी असंख्य मुलांचे प्राण वाचवले हे निर्विवाद आहे. पण त्यांचा समज असा की केळ्यांनी मूल कायमचे बरे होते. म्हणून काही काळाने पथ्य सुटे, मूल पुन्हा पाव खाऊ लागे, आणि मोठेपणी थकवा, रक्तक्षय, ठिसूळ हाडे घेऊन हिंडे. त्याचा बालपणीच्या त्या आजाराशी संबंध आहे हे कुणाच्या ध्यानीही येत नसे. गुण येणारा उपाय चुकीच्या कारणाने योग्य ठरला, की खरे कारण शोधायची निकड संपते. केळ्यांनी नेमके तेच केले. गव्हातल्या ग्लुटेनला दोषी ठरवणारा सिद्धान्त पुढे मांडला गेला तेव्हाही हास यांना तो पटला नाही.

आता हेगकडे येऊ. डिके १९०५ साली जन्मले, लायडनला शिकले आणि हेगच्या युलियाना बालरुग्णालयात त्यांनी बालरोगांचे शिक्षण घेतले. १९३६ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते त्याच रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक झाले. पाव खाल्ल्यावर या मुलांचे जुलाब उलटतात, अशी कुजबुज डच बालरोगतज्ज्ञांत तिशीच्या दशकाच्या आरंभीच होती. त्यातच एका तरुण आईने डिके यांना सांगितले की, मी पाव बंद केला की माझ्या मुलाच्या अंगावरचे पुरळ लगेच कमी होते. अशी वाक्ये डॉक्टरांच्या कानांवर रोज पडतात आणि विरून जातात. डिके यांनी हे धरून ठेवले. पत्नीच्या आठवणीप्रमाणे १९३४ ते १९३६ च्या दरम्यान त्यांनी बिनगव्हाच्या आहाराचे प्रयोग सुरू केले होते.

१९४१ चा त्यांचा लेख छोटा आहे, सूरही साधा. हॉलंडवर जर्मनांचा ताबा होता. केळ्यांचा किंवा फळे-भाज्यांचा आहार उत्तम मानतात, पण सध्या ते जिन्नस मिळत नाहीत, म्हणून रेशनच्या दिवसांत जमेल असा सोपा आहार सुचवतो, अशा अर्थाची सुरुवात. मग मुद्दा: पाव नको, रस्क नकोत, दिवसातून दोनदा गरम जेवण चालते, तिसऱ्या वेळी गोड किंवा आंबट पेज द्यावी, मात्र तीत गव्हाचे पीठ नसावे. बस्स. आज सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला जे पथ्य सांगतात त्याचा गाभा इतक्या थोडक्या शब्दांत तेव्हाच आला होता.

आणि मग तो हिवाळा आला. १७ सप्टेंबर १९४४ ला लंडनमधल्या डच सरकारने रेल्वे कामगारांना संपावर जायला सांगितले. जर्मनांनी सूड म्हणून पश्चिम हॉलंडची अन्नवाहतूक तोडली. नंतर ती बंदी सैल केली तर कालवे गोठले. अ‍ॅमस्टरडॅम, हेग, रॉटरडॅममध्ये माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्या खाली गेला आणि शेवटी शेवटी त्याच्या निम्म्यावर आला. लोक साखरेचे बीट आणि ट्युलिपचे कंद शिजवून खात होते. सुमारे वीस हजार माणसे मेली. जानेवारीच्या अखेरीस स्वीडनहून पिठाची जहाजे आली आणि त्या पिठाचे पांढरे पाव वाटले गेले. एप्रिल संपता संपता दोस्तांच्या विमानांनी अन्नाची पोती खाली सोडायला सुरुवात केली. ५ मेला देश मुक्त झाला.

डिके यांच्या नजरेखालची सिलिअ‍ॅकची मुले त्या उपासमारीत इतरांच्या उलट चालली. पाव दुर्मीळ झाला तशी ती सावरली. पाव परतला तशी त्यांतली मुले पुन्हा आजारी पडली. हा सगळा परिणाम डिके पाहू शकले, कारण काय पाहायचे ते त्यांना आधीच ठाऊक होते. त्या हिवाळ्यात डच शहरांत शेकडो डॉक्टर होते. पाव नाहीसा झाला तो सर्वांच्याच वॉर्डातून.

डिके यांनी दुष्काळाचा दाखला देऊन काम संपवले नाही. दुष्काळात शंभर गोष्टी एकदम बदलतात. त्यातून गव्हाला एकट्याला दोषी ठरवता येत नाही. म्हणून युद्धानंतर त्यांनी मोजक्या मुलांवर दीर्घ निरीक्षणे केली. मूल रुग्णालयात महिनोन्महिने राहणार, आहार ठरलेला, वजन-उंची नियमित लिहायची. गहू काढला की वजनाची रेघ चढे. गहू परत दिला की काही आठवड्यांत भूक मंदावे, शी बिघडे, रेघ खाली वळे. राय या धान्यानेही तेच होई. तांदळाने, मक्याने किंवा गव्हातून वेगळ्या काढलेल्या निव्वळ स्टार्चने होत नसे. या निरीक्षणांवरचा प्रबंध त्यांनी १९५० मध्ये उत्रेख्त विद्यापीठाला सादर केला. बऱ्या होत असलेल्या मुलांना मुद्दाम पुन्हा आजारी पाडणे आज कोणत्याही नीतिसमितीपुढे सहजी संमत होणार नाही, आणि ते आलेख पाहताना मन अस्वस्थ होते. पण पुढच्या प्रत्येक सिलिअ‍ॅक मुलाचे आयुष्य त्या थोड्या मुलांच्या त्या वाईट आठवड्यांवर उभे आहे, हेही विसरता येत नाही.

वजनाची रेघ हा पुरावा तसा ढोबळ. अचूक मोजमाप पुरवले उत्रेख्तचे जीवरसायनतज्ज्ञ व्हान दे कामर यांनी. शीमध्ये चरबी किती उतरते हे मोजायची खात्रीची पद्धत त्यांनी १९४९ मध्ये बसवली. आता खाल्लेल्या चरबीपैकी किती अंगी लागली आणि किती वाया गेली, याचा आकडा हाती येऊ लागला. गहू दिला की वाया जाणारी चरबी वाढे, काढला की घटे. डिके, व्हान दे कामर आणि डॉक्टर वायर्स या तिघांनी १९५३ मध्ये निबंधांची मालिका छापली आणि दोष गव्हातल्या ग्लुटेनच्या अल्कोहोलमध्ये विरघळणाऱ्या भागावर, म्हणजे ग्लायडिनवर, आणून ठेवला.

त्याआधी एकच वर्ष, १९५२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा मुलांवरच्या तपासाने हाच निष्कर्ष लॅन्सेटमध्ये मांडला होता. त्यांची युक्ती घराघरांत करून पाहता येईल अशी आहे. मळलेली कणीक वाहत्या पाण्याखाली चोळत राहिले की पांढरे पाणी निघून जाते, तो स्टार्च. हातात एक चिवट रबरी गोळा उरतो, तो ग्लुटेन. मुलांना स्टार्च दिला तर काही बिघडेना. तो गोळा दिला की आजार परते. पोळी लाटताना कणकेला जो ताण येतो, तो ज्याच्यामुळे येतो तोच पदार्थ या मुलांच्या आतड्यांना सोसत नव्हता.

दोषी सापडला, पण गुन्हा कुठे आणि कसा घडतो हे कुणी पाहिले नव्हते. मेल्यावर आतडे इतक्या लवकर कुजायला लागते की शवविच्छेदनात दिसणारा बिघाड आजाराचा की मरणानंतरचा, हे सांगता येत नसे. इप्सविचचे जॉन पॉली यांनी १९५४ मध्ये जिवंत रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेले आतड्याचे तुकडे तपासले आणि आतल्या अस्तरात दाह स्पष्ट दाखवला. पण केवळ निदानासाठी प्रत्येकाचे पोट कसे फाडणार? १९५६ मध्ये लंडनमध्ये मार्गो शायनर यांनी तोंडावाटे लहान आतड्यापर्यंत नेता येणारी नळी तयार करून तुकडा बाहेर काढून दाखवला. पुढच्याच वर्षी अमेरिकन लष्करातले डॉक्टर विल्यम क्रॉसबी यांची धातूची छोटी कॅप्सूल आली. बारीक नळीच्या टोकाला ती बांधलेली. रुग्णाने गिळायची, ती जठरातून पुढे लहान आतड्यात सरकेपर्यंत तासन्‌तास थांबायचे, एक्स-रेवर जागा पाहायची, मग बाहेरून पिचकारीने हवा ओढायची. त्या ओढीने अस्तराचा कण कॅप्सूलच्या भोकात शिरे आणि आतले पाते फिरून तो कापला जाई. लहान मुलाला ही नळी तोंडात धरून इतका वेळ बसवणे म्हणजे आई, परिचारिका आणि डॉक्टर या तिघांची कसोटी.

त्या कणाने मात्र सगळे चित्र पालटले. निरोगी लहान आतड्याच्या आत बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर दाटीने उभे असतात. अन्न शोषायचे ते तेच. सिलिअ‍ॅकच्या रुग्णात ते झिजून अस्तर सपाट झालेले दिसले. गहू बंद केल्यावर ते पुन्हा उगवले. सिअ‍ॅटलचे सायरस रुबिन यांनी १९६० मध्ये दाखवून दिले की मुलांचा सिलिअ‍ॅक आणि मोठ्यांचा तोवर वेगळा मानलेला चरबी-न-पचण्याचा विकार हे दोन आजार नव्हेतच. दोघांच्या आतड्यांत बिघाड तोच. बालपणी केळ्यांनी ‘बरी’ झालेली माणसे मोठेपणी का खंगत होती, त्याचे उत्तर इथे मिळाले.

आता निदानाची व्याख्या आतड्याच्या तुकड्याने ठरू लागली. १९६९ मध्ये स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनला भरलेल्या युरोपीय बालरोगतज्ज्ञांच्या बैठकीत कडक नियम झाला: तीन बायोप्सी. पहिली निदानावेळी, दुसरी पथ्यानंतर सुधारणा दाखवायला, तिसरी पुन्हा गहू खाऊ घालून बिघाड दाखवायला. दोन दशके हा नियम चालला आणि मुलांनी तो सोसला. १९९० मध्ये तो सैल करून बहुतेकांसाठी एका बायोप्सीवर आणला. इंग्लंडच्या मायकल मार्श यांनी १९९२ मध्ये बिघाडाच्या पायऱ्या आखून दिल्या: आधी अस्तरात लिम्फोसाइट पेशींची गर्दी, मग खाचा खोल होणे, मग रसांकुरांची झीज. सपाट आतडे ही शेवटाकडची अवस्था आहे आणि तिच्याआधी बरेच काही घडलेले असते, हे त्यामुळे कळले.

दरम्यान काही रुग्ण भलत्याच दारातून येत होते. फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ लुइस ड्युरिंग यांनी १८८४ मध्येच कोपर, गुडघे आणि ढुंगणावर येणाऱ्या, आग होऊन भयंकर खाजणाऱ्या पुटकुळ्यांच्या आजाराचे वर्णन केले होते, डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. ऐंशी वर्षे तो कातडीचाच आजार होता. १९६६ मध्ये अशा रुग्णांची आतडी तपासली तर तिथे सिलिअ‍ॅकचाच बिघाड. पोटाची तक्रार मात्र अनेकांना नव्हती. याचे निदान आजही वेगळ्या वाटेने होते: पुटकुळीलगतच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीचा तुकडा घेऊन तिच्यात आयजीए प्रतिपिंडांचे कण शोधायचे. ते सापडले की निदान पक्के. शेफील्डच्या मारिओस हाजीवासिलिऊ यांनी नव्वदच्या दशकात आणखी एक दार उघडले. कारण न कळलेल्या तोल जाण्याच्या विकाराचे काही रुग्ण गव्हामुळेच लडखडत होते.

खरा पूर आला तो रक्तचाचणीने. बासेलच्या बर्गर यांना १९५८ मध्ये रुग्णांच्या रक्तात ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडे सापडली होती, पण ती चाचणी निरोगी माणसांवरही पुष्कळदा शंका घेई. वॉर्सातल्या कोर्झेल्स्की यांच्या गटाने ऐंशीच्या दशकात एंडोमायसियल प्रतिपिंडे शोधली. ही चाचणी क्वचितच चुके, पण ती सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी वाचावी लागे. मग १९९७ मध्ये बर्लिनमध्ये डेटलेफ शुप्पान आणि वाल्बुर्गा डीटरिश यांनी या प्रतिपिंडांचे लक्ष्य ओळखले: शरीराचेच एक विकर, टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज. म्हणजे हे अन्नाचे अपचन नव्हते. गव्हाच्या निमित्ताने शरीर स्वतःवर उलटत होते. कुणाचे शरीर उलटते याचेही उत्तर आले होते. ऑस्लोच्या लुडविग सोलिड यांनी १९८९ मध्ये एचएलए-डीक्यू२ या जनुकीय ठेवणीवर बोट ठेवले; उरलेल्या बहुतेकांत डीक्यू८ सापडते. पण जगात साधारण तिघांत एकाकडे यांतले काही ना काही असते. म्हणून ही जनुके नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाकारता येतो, असतील तर काहीच सिद्ध होत नाही.

टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजची चाचणी साध्या प्रयोगशाळेत हजारो नमुन्यांवर करता येते. अशा रक्तचाचण्या निरोगी लोकांवर लावल्या तेव्हा धक्का बसला. अमेरिकेत हा आजार दुर्मीळ मानत. २००३ मध्ये तेरा हजारांहून अधिक लोकांच्या तपासणीत सर्वसाधारण लोकसंख्येत १३३ जणांमागे एक असे प्रमाण निघाले. जी यांनी आणि डिके यांनी पाहिलेली फुगलेल्या पोटाची मुले हा या आजाराचा फक्त वर दिसणारा भाग होता. २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ‘ऑस्लो व्याख्या’ प्रसिद्ध करून नावांचा गोंधळ निस्तरला. जुलाब, वजन घटणे, मुलांची वाढ खुंटणे असे अन्न अंगी न लागल्याचे चित्र असेल तर तो अभिजात प्रकार. औषधाला न जुमानणारा रक्तक्षय, लवकर पोकळ होणारी हाडे, बुटकेपणा, वंध्यत्व किंवा यकृताचे बिघडलेले आकडे एवढेच असेल, तर तो अनभिजात प्रकार. आज निदान होणाऱ्या मोठ्यांत तोच पुष्कळ आढळतो. काहींना कसली म्हणून तक्रार नसते, आतडे मात्र बिघडलेले असते. काहींच्या रक्तात प्रतिपिंडे असतात पण रसांकुर अजून शाबूत. तो संभाव्य सिलिअ‍ॅक, त्याच्यावर लक्ष ठेवायचे. आणि अगदी थोड्यांत वर्षभर काटेकोर पथ्य पाळूनही आतडे भरून येत नाही. हा हट्टी प्रकार सर्वांत चिंतेचा, कारण त्याच्या दुसऱ्या उपप्रकारातून आतड्याचा लिम्फोमा उद्भवू शकतो.

निदानाची सध्याची रीत या सगळ्या इतिहासाचा साठा आहे. आधी रक्तातले टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज-आयजीए, आणि त्यासोबत एकूण आयजीए; कारण सिलिअ‍ॅकच्या काही रुग्णांत आयजीए मुळातच नसते आणि चाचणी खोटा दिलासा देते. मग दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले अनेक तुकडे. झीज ठिकठिकाणी असल्याने एका तुकड्यावर भागत नाही. मुलांबाबत युरोपीय नियमाने २०१२ मध्ये बायोप्सी टाळायची वाट उघडली; सध्याचा नियम असा की प्रतिपिंडे मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून वर असतील आणि दुसऱ्या नमुन्यात एंडोमायसियल चाचणीही होकारार्थी आली, तर बायोप्सी टाळता येते. तीन बायोप्सींपासून शून्यापर्यंतचा हा प्रवास त्रेचाळीस वर्षांचा.

भारतात हा गोऱ्यांचा आजार आहे अशी समजूत बराच काळ होती. १९६६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये उत्तर भारतातील मुलांवर वालिया आणि सहकाऱ्यांचा, आणि मोठ्यांवर मिश्रा, कस्तुरी व छुट्टानी यांचा असे निबंध आले आणि त्या समजुतीला तडा गेला. तरी निदान इथे अवघडच राहिले. आपल्याकडे उष्णकटिबंधीय स्प्रू, जंत, जंतुसंसर्ग, कुपोषण यांनीही रसांकुर झिजतात. आतड्याचा क्षय अशाच तक्रारी घेऊन येतो. नुसत्या बायोप्सीवर विसंबून चालत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या तेवीस हजारांहून अधिक निरोगी प्रौढांचे रक्त तपासले. प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघी ०.१० टक्के लोकांत आढळली. जनुकांचे प्रमाण तिन्हीकडे जवळपास सारखे होते. ठळक फरक होता तो ताटात: उत्तरेत माणशी दिवसाला सुमारे ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५ ग्रॅम. उत्तर आणि ईशान्येतला फरक एवढ्याने पुरता उलगडत नाही, पण दक्षिणेचा आकडा बोलका आहे.

महाराष्ट्र या नकाशावर मधोमध आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ या आपल्या जुन्या धान्यांत ग्लुटेन नाही. भाकरी चिरते ती त्यामुळेच. हरितक्रांतीनंतर गहू स्वस्त झाला, रेशनवर आला, आणि शहरांत रोजची भाकरी मागे पडून पोळी आली. सिलिअ‍ॅकचा रुग्ण महाराष्ट्रात उपाशी राहायचे कारण नाही. त्याच्या आजीच्या स्वयंपाकात त्याचे पथ्य तयार आहे. सांभाळायचे ते वेगळ्याच जागी: बांधणीच्या हिंगात अनेकदा गव्हाचे पीठ असते, आणि ज्या गिरणीत गहू दळला त्याच जात्यातून निघालेले ज्वारीचे पीठ त्याला चालत नाही.

एक विनंती, आणि ती कळकळीची. हल्ली अंगदुखी, पोटफुगी, वजन अशा कशासाठीही गहू सोडण्याची लाट आहे. गहू सोडल्यावर प्रतिपिंडे उतरतात, रसांकुर उगवू लागतात आणि पुढे केलेली प्रत्येक चाचणी निर्दोष येऊ शकते. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो, आणि डिके यांच्या वॉर्डातल्या मुलांनी जे सोसले तेच त्या माणसाला सोसावे लागते. लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय असेल, मूल वयाच्या मानाने खुजे राहिले असेल, जुलाब महिनोन्महिने चालू असतील किंवा सख्ख्या भावंडाला, आईबापांना, मुलांना सिलिअ‍ॅक असेल, तर रक्त तपासून घ्या. तोवर पोळी बंद करू नका.